दोनशे किलोंचे दोनशे टन

भोपाळ,
दसरा झाल्यानंतरचा पहिला मंगळवार

तीर्थरूप नारायणमामा यांना,

धाकट्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो सध्या उभ्यानेच घातला आहे. जेवढी अंगं वाकली तेवढी जमेस धरावीत, बाकीची पुढच्या भेटीत पुरी करीन.) वैजयंतीमामींचे गुडघे कसे आहेत? मागे पाठवलेलं तेल त्यांनी गुडघ्यांना न लावता शिवणाच्या मशीनला घातल्याचं कळलं. मशीनला आराम पडला असेल तर तेही कळवावं, म्हणजे दुसरी बाटली पाठवताना तसं वैद्यांना सांगता येईल. नागपुरात पाऊस संपला का? इथे संपला, पण आमच्या क्वार्टरच्या छताला ते अजून कळवण्यात आलेलं नाही.

तुमचं कार्ड मिळालं. त्यात तुम्ही इकडची खुशाली एका ओळीत आणि 'तुझं ते पन्नीचं खूळ उतरलं का?' हे चार ओळींत विचारलं आहे. मामा, खूळ उतरलेलं नाही. उलट ते इतकं चढलं आहे की मध्य प्रदेश शासनाच्या दप्तरी त्याची नोंद झाली आहे आणि ते उतरवायचं झालं तर आता जाहीर सभा घ्यावी लागते. नव्हे, ती घेऊन झाली. हे सगळं कार्डावर मावणारं नाही, म्हणून पाकीट केलं. चहा वगैरे घेऊन बसावं.

तुम्हाला आमची टाउनशिप माहीत आहेच. इथे घर, नळ, दिवा, शाळा, दवाखाना, सगळं कारखान्याचं. सकाळचा भोंगा झाला की नोकरीत नसलेला माणूसही पँट चढवायला धावतो. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मीसुद्धा पुष्कळ दिवस धावत होतो आणि फाटकापाशी पोचल्यावर आपण इथे का आलो ते आठवत उभा राहत होतो. (त्या निवृत्तीतली स्वेच्छा नक्की कोणाची होती, हा विषय तूर्त बाजूला ठेवू.) क्वार्टर माझ्या नावावरून वासंतीच्या नावावर झालं, कारण ती टाउनशिपच्या शाळेत गणित शिकवते. म्हणजे मी आता तिचा आश्रित. दवाखान्याच्या कार्डावर माझा फोटो 'डिपेंडंट' या शब्दाखाली चिकटवलेला आहे आणि त्यात मी अगदी तसाच दिसतो. अशा अवस्थेत माणसाने काहीतरी करावं म्हणून मी इंदूरहून जुनं मशीन आणलं, इंडस्ट्रियल एरियात एक शेड भाड्याने घेतली आणि दत्तूला कामावर ठेवलं. दत्तू आपल्या पुलगावकडचा. पन्नाशीचा माणूस, पूर्वी गिरणीत होता, बोलतो कमी आणि जेवतो शांतपणे. आमचं काम तसं साधं आहे. टाकलेल्या पन्न्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशव्या, गोळा करायच्या, धुवायच्या, कातरायच्या आणि मशीनमध्ये वितळवायच्या. पलीकडून शेवेसारखी एक दोरी निघते, ती पाण्यात थंड करून बारीक तोडली की दाणे तयार. ते दाणे पाइपवाले आणि बादल्यावाले घेऊन जातात. वीज असली, पट्टा तुटला नाही आणि दत्तूच्या घरून काही निरोप आला नाही, तर दिवसाला दोनशे किलो दाणे होतात. निवृत्तीचा सगळा पैसा त्या मशीनमध्ये वितळला आहे, हे तुम्हाला माहीत आहे. वासंतीला किती वितळला ते माहीत आहे.

या दोनशे किलोंसाठी पर्यावरणाच्या ऑफिसची संमती लागते. मी अर्ज केला. तुम्हाला वाटेल की फेऱ्या मारून माझ्या चपला झिजल्या असतील. नाही. संमती इतक्या लवकर आली की मला शंका यायला हवी होती, पण मी पेढे आणले. संमतीपत्र श्री. पंढरी पांडे यांच्या नावे होतं. (पांढरीपांडे हे आडनाव इथे कोणाच्या तोंडात मावत नाही. ते त्याचे दोन तुकडे करतात आणि मला बनारसकडचा समजतात. कान्यकुब्ज समाजाच्या होळीमिलनाचं आमंत्रण मला दरसाल येतं. जेवण चांगलं असतं.) वासंतीने पेढा तोंडात टाकत ते पत्र वाचलं आणि तिचं तोंड मध्येच थांबलं.

"अहो, यात प्रतिदिन दोनशे टन लिहिलंय."

मी म्हटलं, दोनशेच मागितले होते की. तेव्हा तिने नापास होऊ घातलेल्या मुलाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं की आपल्या मशीनला एका दिवसाचा हा कोटा पुरा करायला पावणेतीन वर्षं लागतील, तीसुद्धा रविवारी काम केलं तर.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसात गेलो. तिथले सक्सेनासाहेब म्हणजे अतिशय सज्जन माणूस. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, अभिनंदनही केलं. त्यांच्या छापील अर्जात किलोचा रकानाच नाही, फक्त टनाचा आहे. कारकुनाने माझे दोनशे उचलून त्या रकान्यात मांडले आणि खाली सही झाली. मी म्हटलं, मग खोडा आणि दुरुस्त करा. साहेबांचा चेहरा असा झाला की जणू मी मेलेल्या माणसाला उठवा म्हणालो. "पांडेजी, बढ़ाने का प्रावधान है. घटाने का नहीं है," ते म्हणाले. आजवर त्यांच्याकडे कोणी कमी करा म्हणून आलंच नव्हतं. तरीही त्यांनी माझ्यासाठी कपाटभर नियम चाळले आणि वाट शोधून काढली. क्षमता वाढवायच्या अर्जाचं नाव 'क्षमतेत बदल' असं आहे. कमी करणं हाही एक प्रकारे बदलच. तेव्हा मी वाढीचा अर्ज करावा आणि वाढीच्या जागी घट मागावी. मात्र दोनशे टनांचा कारखाना मोठ्या कारखान्यांत मोडतो आणि मोठ्या कारखान्यात बदल करायचा तर लोकांना विचारावं लागतं. जाहिरात देऊन जनसुनावणी. मी म्हटलं, साहेब, तो कारखाना नाहीच आहे. ते म्हणाले, हेच आपण सुनावणीत मांडा.

सुनावणीची तारीख पडेपर्यंत काय काय झालं ते ऐका. संमतीपत्राच्या मागे अटी होत्या. एकतृतीयांश जागेत झाडं लावावीत. (आमच्या शेडीत मशीन सोडून जी जागा उरते तिथे दत्तू डबा खातो. तिच्या एकतृतीयांशात एक तुळस आली, ती लावली.) स्वतःचा अग्निशामक बंब असावा. कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर असावं. दत्तूची धाकटी मुलगी पुलगावला सासरी आहे. त्याने फक्त एवढंच विचारलं की तिला बाळंतपणाला इकडेच बोलावू का.

मग तपासायला एक तरुण इन्स्पेक्टर आला. त्याने मशीन पाहिलं, तुळस पाहिली, आणि अगदी नम्रपणे विचारलं, बाकीचा कारखाना कुठे आहे? मी म्हटलं, हाच. तो हसला. असे हसणारे इन्स्पेक्टर रागावणाऱ्यांपेक्षा वाईट. त्याने भिंतीवर टकटक करून पाहिलं. पलीकडे काय आहे विचारलं. पलीकडे पापडवाल्या बायका आहेत. तो तिकडे गेला आणि तासाभराने मुगाचे पापड घेऊन परत आला, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. तळघर आहे का म्हणाला. दत्तूने त्याला नाल्याकडचं भोक दाखवलं. त्यात त्याने बॅटरीही मारून पाहिली. मामा, माणूस प्रामाणिक होता. कागदावर दोनशे टन आणि डोळ्यांसमोर दोनशे किलो, म्हणजे उरलेला माल मी कुठेतरी चोरून काढतो आहे, असाच अर्थ कोणीही काढला असता. चार दिवसांनी नोटीस आली. निरीक्षणात शेष कारखाना आढळून आलेला नाही. तो त्वरित सादर करावा, अन्यथा आढळलेला कारखाना सील करण्यात येईल.

ही नोटीस वाचून मला दोन रात्री झोप लागली नाही. नसलेली वस्तू हजर करा, नाहीतर असलेली काढून घेतो! तुम्ही पाटबंधारे खात्यात एवढी वर्षं काढलीत, तुम्ही असं काही पाहिलं होतं का? (पाहिलं असेल तर पत्रात लिहू नका, मामींशी बोला.) वासंती म्हणाली, घाबरू नका, शाळा आहे, क्वार्टर आहे, माझा पगार आहे. तिने हे धीर द्यायला म्हटलं, पण त्या डिपेंडंटच्या फोटोतला माणूस मला आरशात दिसायला लागला.

आणि टाउनशिपमध्ये नेमकं उलटं सुरू झालं. समोरच्या क्वार्टरमधला विश्वास तुम्हाला आठवत असेल. माझ्याबरोबर प्लॅनिंगमध्ये होता, आता महाराष्ट्र मंडळाचा सेक्रेटरी आहे आणि कोणाच्या घरी काय शिजतं ते भाजी चिरायच्या आधी त्याला कळतं. त्याने वर्तमानपत्रात जनसुनावणीची जाहिरात वाचली आणि बनियनवरच रस्ता ओलांडून आला. "काय रे अच्युत, दोनशे टन! आणि आम्हाला सांगतोस लहानसं काहीतरी करतोय म्हणून? इतका आतल्या गाठीचा असशील असं वाटलं नव्हतं." मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्याने डोळे मिचकावत ऐकलं आणि म्हणाला, बरोबर आहे, इन्कमटॅक्सवाल्यांना हेच सांगायचं. झालं. त्या दिवसापासून मी खरं बोललो की लोक त्याला विनय म्हणायला लागले. गणपतीत पहिली आरती माझ्या हातून झाली. शाळेत वासंतीला गादीची खुर्ची मिळाली. मंडळींचे भाचे, पुतणे आणि एका गृहस्थांचे तर सासरे नोकरीसाठी येऊन गेले. मी म्हणायचो, अहो, एक मशीन आणि एक दत्तू आहे. ते म्हणायचे, सुरुवात अशीच होते साहेब.

सुनावणी टाउनशिपच्या सामुदायिक भवनात होती. मला वाटलं होतं की मी, सक्सेनासाहेब आणि पंखे लावणारा माणूस, एवढेच असू. मी सामोसेही त्याच बेताने सांगितले होते. पण दहाच्या सुमारास हॉल भरला, मग व्हरांडा भरला, मग लोक खिडक्यांत बसले. बाग सेवनियाहून एक टेम्पो आला, नेहरू नगराहून दोन. पाच आंदोलनांचा अनुभव असलेले एक पुढारी हार घेऊन आले होते. बोलायला उठले ते सगळे कारखान्याच्या बाजूने. एकाने बाग सेवनियापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत बस मागितली. (शेडीला फाटक नाही, फळकुट आहे.) नेहरू नगरवाल्यांनी नोकऱ्यांत निम्मा वाटा मागितला. दत्तूचा निम्मा कुठला द्यायचा याचा विचार करत मी बसलो होतो. एका कवीने कचऱ्यातून सोनं या विषयावर काहीतरी म्हटलं आणि त्याला दाद मिळाली म्हणून ते पुन्हा म्हटलं. घट हा शब्द कोणी उच्चारलाच नाही. शेवटी मी उभा राहिलो आणि म्हटलं, मंडळी, हा कारखाना फार छोटा आहे, दिवसाला दोनशे किलो, तेवढाच राहू द्या, माझी एवढीच विनंती आहे.

हॉलमध्ये गलका झाला. विकासाला विरोध करणारा हा कोण, बाहेरचा दिसतो, याला खाली बसवा. मी ओरडून सांगितलं, अहो मी मालक आहे! त्यावर ते हारवाले पुढारी उठले आणि मोठ्या समजुतीच्या आवाजात म्हणाले, "मालिक को क्या पता!" टाळ्या पडल्या. मी बसलो. माझ्या शेजारी विश्वास होता. त्यानेही टाळी वाजवली.

तेवढ्यात मागच्या बाजूने एक म्हातारी पुढे आली. अंगावर पांढरी ओढणी, हातात पिशवी. नाव कनीज बी. आमच्या शेडीमागच्या नाल्यापलीकडे मुलाच्या घरी राहते, हे मला नंतर कळलं. पूर्वी जुन्या शहरात स्टेशनकडे राहायची. तिने माइक घेतला नाही. सक्सेनासाहेबांकडेही पाहिलं नाही. मी मालक आहे असं जे मी ओरडलो होतो त्यावर फक्त तिनेच विश्वास ठेवला असावा, कारण ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बेटा, रात को इसमें से कुछ निकलेगा तो नहीं?"

मामा, या शहरात हा प्रश्न कोणी विचारला की माणूस गप्प बसतो, तुम्हाला सांगायला नको. तुम्हीच त्या गॅसच्या डिसेंबरात आमची खुशाली कळेपर्यंत तारघरात बसून होतात. इतका वेळ मी जे काही हातवारे करत होतो त्याची मला लाज वाटली. मी म्हटलं, नाही आई, रात्री मशीन बंद असतं. दिवसा जरा वास येतो, जळक्या मेणासारखा, त्यासाठी वर पंखा बसवला आहे. दुसरं काही निघत नाही. ती म्हणाली, सगळे असंच सांगतात. मी म्हटलं, मग तुम्ही येऊन पाहा. ती म्हणाली, "अभी चलो." आणि पिशवी सावरून चालायला लागली.

आता ती निघाली म्हणून मी निघालो, मी निघालो म्हणून सक्सेनासाहेबांना निघावं लागलं, आणि साहेब निघाले म्हणून हॉल निघाला. टेम्पो, स्कूटरी, सायकली, एक घोडागाडी (ती कशी आली कोण जाणे) अशी ती वरात शेडीपाशी पोचली तेव्हा दत्तू डबा खात होता. त्याने वर पाहिलं. समोर दोन-तीनशे माणसं. त्याने डब्याचं झाकण लावलं, हात धुतले आणि मशीन सुरू केलं. दुसरा कोणी असता तर पळाला असता.

आत एका वेळी पाच माणसं मावतात. लोक पाच-पाचाने आत येत होते, मशीन पाहत होते, इकडे तिकडे पाहत होते आणि 'बाकी कहाँ है?' विचारत दुसऱ्या बाजूने बाहेर पडत होते. हारवाल्या पुढाऱ्यांनी हार तुळशीला घातला आणि निघून गेले. कनीज बी मात्र हलली नाही. तिने वास घेतला. पंखा पाहिला. दोरी पाण्यात पडताना पाहिली आणि बोट लावून दाणा दाबून पाहिला. मग धुण्याच्या टाक्यांपाशी जाऊन आत वाकली. त्यात पन्न्यांचं जे धुवण असतं ते तुम्हाला सांगत नाही, तुम्ही चहा घेताय. तिने विचारलं, हे पाणी कुठे जातं? मी म्हटलं, नाल्यात. ती म्हणाली, "नाला मेरे घर के आगे से जाता है."

मी नुकताच अख्ख्या हॉलसमोर सांगून आलो होतो की आमच्याकडून काही निघत नाही. आणि खोटं बोललो नव्हतो हो मामा, मला ते खरंच सुचलं नव्हतं. दोनशे टनांच्या भानगडीत दोनशे किलोंचं पाणी कुठे जातं इकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. दोनशे टनांच्या अटींत पाणी शुद्ध करायचा एवढा मोठा प्रकल्प सांगितला होता की तो आमच्या शेडीवर ठेवला तर शेड दिसणार नाही. आणि दोनशे किलोवाल्याला कोणी काहीच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, आई, उद्यापासून नाल्यात सोडणार नाही. तीन टाक्या बांधतो, एकीतून दुसरीत, गाळ खाली बसेल, वरचं पाणी पुन्हा धुवायला वापरीन. ती दत्तूच्या स्टुलावर बसली आणि सक्सेनासाहेबांकडे बोट करून म्हणाली, "इनसे लिखवाओ." साहेब म्हणाले, असं प्रावधान... ती म्हणाली, मला जायची घाई नाही. साहेबांनी लिहिलं.

टाक्या बांधून झाल्या. दत्तूने विटा रचल्या, सिमेंट मी कालवलं. (कंबर तेव्हाच धरली.) कनीज बी रोज सकाळी येते, तिसऱ्या टाकीत हात घालून पाणी वर काढते, बघते आणि ओतून देते. बरं असलं तर बोलत नाही. नसलं तर दत्तूची खरडपट्टी काढते, आणि मी दिसलो तर माझी. त्या ऑफिसचा, बंबाचा, पाळणाघराचा इतके महिने एवढा गोंधळ झाला, पण धंद्यात खरोखर सुधारलेली गोष्ट तेवढीच एक आहे, आणि दत्तू सांगतो की परवा तिने त्याला शेवयाही आणून दिल्या.

सुनावणीचा निकाल मागच्या आठवड्यात आला. जनतेने दोनशे टन प्रतिदिन क्षमतेस प्रचंड बहुमताने पाठिंबा दिला आहे. एक हरकत प्राप्त झाली (श्री. पंढरी पांडे). परंतु हरकत घेणारी व्यक्ती प्रकल्पात हितसंबंध असलेली असल्यामुळे ती विचारात घेण्यात आलेली नाही. म्हणजे कारखाना दोनशे टनांचाच राहिला आणि शेष कारखाना सादर करायची नोटीसही कायम राहिली. मी तो कागद घेऊन सक्सेनासाहेबांसमोर नुसता बसून राहिलो. त्यांनाही वाईट वाटलं. शेड त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, पण डोळ्यांनी पाहिलेलं त्यांच्या फाइलला लागत नाही. शेवटी चहा संपल्यावर त्यांना एक मार्ग सुचला. क्षमता कमी करता येत नाही, पण उत्पादन कमी का, याचं कारण देता येतं. कच्चा माल मिळत नसेल तर नोटीस मागे घेता येते. म्हणजे भोपाळमध्ये पन्न्या मिळत नाहीत असं कोणीतरी लिहून दिलं की काम झालं.

आम्ही दोघांनीही खिडकीबाहेर पाहिलं. बाहेरच्या बाभळीवर पानं कमी आणि पन्न्या जास्त होत्या. साहेबांनी उठून पडदा ओढला.

असं सगळं आहे. बाकी विशेष काही नाही. वैजयंतीमामींना नमस्कार. दिवाळीला यायचं म्हणत होतात, त्याऐवजी आत्ताच या. हवा उत्तम आहे.

आपला आज्ञाधारक भाचा,
अच्युत

ता. क. दाखला देणारा माणूस राज्याबाहेरचा, निवृत्त सरकारी इंजिनिअर आणि निःपक्षपाती असावा अशी अट आहे. मी तुमचं नाव दिलं आहे. (आपलं नातं आईकडचं असल्यामुळे आडनाव वेगळं आहे, ते साहेबांना फार आवडलं.) तुम्ही फक्त जीपमधून शहराचा एक फेरफटका मारायचा आणि 'मला कुठेही पन्नी दिसली नाही' एवढं लिहून सही करायची. तुम्ही आयुष्यात खोटी सही केली नाहीत हे मला ठाऊक आहे आणि आताही करू नये.

ता. क. २. मामींनी वासंतीला कळवलं की तुमचे दोन्ही मोतीबिंदू अगदी पिकले आहेत आणि पुढच्या सोमवारी ऑपरेशन ठरलं आहे. मामा, एवढी काय घाई आहे? आधी इकडे येऊन जा.

ता. क. ३. ती. मामांना सौ. वासंतीचा नमस्कार. पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. हॉलमध्ये तो हार आधी यांच्याच गळ्यात पडला होता आणि यांनी तो घालून पाऊण तास भाषण केलं, दोनशे टनांचं, चारशेपर्यंत जाऊ म्हणाले. विनंतीबिनंती सगळी मी दुसऱ्या रांगेतून डोळे वटारल्यानंतरची, आणि पुढाऱ्यांनी हार परत घेतला तो त्यानंतर. बाजारातल्या पेंटरकडे 'मध्य भारतातील सर्वांत मोठा' अशी पाटीही रंगवायला टाकली आहे, ती मी आज रद्द करून आले. तुम्ही सोमवारी ऑपरेशन करून घ्या, डॉक्टर सांगतील तितके दिवस पडून राहा आणि मगच या. इथे बघण्यासारखं पुष्कळ आहे.